पेपरातला हॅकर आणि आमचे भावजी

पेपरात भावजींची बातमी आली तेव्हा सोबत फोटोही होता, पण तो भावजींचा नव्हता. टोपी कपाळावर ओढलेला, तोंडाच्या जागी नुसता अंधार असलेला कोणीतरी माणूस, पुढ्यात लॅपटॉप आणि मागे हिरव्या आकड्यांच्या रांगा. वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'रुग्णालयाच्या यंत्रणेवर घरच्याच हॅकरचा डल्ला'. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय चौपन्न. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली, अंगात बाराही महिने बिनबाह्यांचा स्वेटर, आणि लॅपटॉप त्यांच्या घरात कधी आलाच नाही. डल्ला म्हणाल तर त्यांनी कशावर मारला, ते बातमीत शेवटपर्यंत कुठेच नव्हतं. मी तो पेपर दोन बोटांत धरून केराच्या डब्यात टाकला आणि हात धुतले.

चोराला चोर म्हणायला आपल्या भाषेत शब्द कमी आहेत का? भामटा आहे, ठग आहे, लुटारू आहे, घरफोड्या आहे. एवढे सगळे हाताशी असताना बातमीदाराला नेमका तोच शब्द सापडावा, जो या माणसाने तीस वर्षं पेटीतल्या दागिन्यासारखा जपला होता, याचा मला आजही संताप येतो.

त्या शब्दाचं असं झालं. भावजी विशीत यंत्रदुरुस्ती शिकत होते. वर्गातलं छपाईचं यंत्र बंद पडलं होतं आणि त्याचा भाग कुठे मिळत नव्हता. भावजींनी टेपरेकॉर्डरची मोटर काढून त्यात बसवली आणि यंत्र चालू केलं. म्हातारे मास्तर बराच वेळ ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तू हॅकर आहेस." भावजींना हा शब्दच माहीत नव्हता. मग मास्तरांनी सांगितलं की, फार पूर्वी काही पोरं कॉम्प्युटरच्या खोल्यांमध्ये दिवसचे दिवस ठाण मांडून बसायची. कोणी सांगितलं म्हणून नाही, मजा वाटते म्हणून. वस्तू उघडायची, ती कशी चालते ते समजून घ्यायचं, बनवणाऱ्याच्याही डोक्यात आलं नव्हतं असं काही तिच्याकडून करून घ्यायचं, आणि मग ते चारचौघांना दाखवायचं. लपवून ठेवतो तो त्यांच्यातला नव्हे. आणि ते नाव स्वतःहून लावून घ्यायचं नसतं, दुसऱ्याने द्यावं लागतं. ताईशी लग्न ठरलं तेव्हा भावजींनी तिला स्वतःबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, मी घोरतो, आणि दुसरी, मला मास्तर एकदा हॅकर म्हणाले होते. ताई म्हणते की, पहिलीचा अर्थ लगेच कळला, दुसरीचा कळायला दहा वर्षं लागली.

रुग्णालयात मात्र त्यांना सगळे 'उचकटे' म्हणायचे. हे नाव सिस्टर लोकांनी पाडलं. बंद दिसलं की उचकटायचं, म्हणून उचकटे. तळघरात, लाँड्रीला लागून त्यांची खोली होती. भिंतीपलीकडे चादरी उकळायच्या, त्यामुळे खोलीत कायम साबणाचा वास आणि उकाडा, आणि त्यातही हा गृहस्थ स्वेटर घालून बसलेला. टेबलावर पोट उघडून ठेवलेलं सलाइनचं यंत्र, रिकाम्या गोळ्यांच्या डब्यांत वेगवेगळे स्क्रू, प्रत्येक डब्यावर अक्षर टपोरं आणि सरळ. कोणी यंत्र घेऊन खाली आलं की ते आधी विचारायचे, "बिघडायच्या आधी कसला आवाज आला?" डॉक्टरसुद्धा पेशंटला इतक्या आपुलकीने विचारत नाहीत.

त्यांची एक रीत होती. यंत्र दुरुस्त झालं की झाकण लावायच्या आधी ते आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवायचे. काय बिघडलं होतं, कसं कळलं, काय केलं, तारीख, खाली पूर्ण नाव आणि अंतर्गत फोनचा नंबर. पुढे जो कोणी हे झाकण उघडेल त्याला पहिल्यापासून शोधत बसायला लागू नये. बाळांना ऊब देणाऱ्या पेटीतली चिठ्ठी मी स्वतः वाचलेली आहे. 'मूळ पंखा मिळेना, जुन्या कॉम्प्युटरचा लावला आहे. दर महिन्याला धूळ पुसावी. थोडा घरघरतो, घाबरू नये, त्याचा स्वभावच तसा आहे.' त्या पेटीत किती बाळं वाढली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. भावजींनी तर मुळीच नाही.

मी तिथेच वर, दुसऱ्या मजल्यावर, मोठ्या साहेबांच्या कार्यालयात टंकलेखिका आहे. वर म्हणजे जिथे पडदे आहेत, गालिचा आहे आणि लोक बोलताना आधी दाराकडे बघतात. साहेबांनी एका कंपनीकडून नवी यंत्रणा आणली होती. पेशंटने घरी बसून आपला नंबर टाकायचा आणि आपला रिपोर्ट बघायचा. साहेबांना तिचं कौतुक इतकं की, सांगताना त्यांचा आवाजच बदलायचा.

भावजींनी एकदा साखरेची तपासणी केली आणि रिपोर्ट बघायला फोनवर नंबर टाकला. शेवटचा आकडा चुकून एकाने वाढला. समोर एका अनोळखी बाईचा रिपोर्ट आला, नाव, वय आणि पोटातल्या गाठीसकट. त्यांनी तो तिथल्या तिथे बंद केला. मग ताईला विचारून तिचा नंबर टाकून पाहिला. तोही उघडला. म्हणजे दाराला कडीच नव्हती. शहरातल्या कोणालाही, कोणाचाही, कुठलाही आजार घरी बसून वाचता आला असता. शेजाऱ्याला शेजाऱ्याचा, सासूला सुनेचा, मालकाला नोकराचा.

त्यांनी तीन अर्ज केले. तिन्ही मीच पुढे पाठवले. तिसऱ्यावर कंपनीचं उत्तर आलं, 'यंत्रणा पूर्णपणे सुरक्षित आहे. कर्मचाऱ्यांनी अफवा पसरवू नयेत.' भावजींनी ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "धाकटे, अफवा म्हणजे खोटी असते ना?"

मग एका सोमवारी सकाळी ते स्वतःच वर आले. मी वही-पेन्सिल घेऊन साहेबांसमोर बसले होते, साहेब पत्र सांगत होते. मध्येच त्यांचा फोन वाजला. ते फोनवर कोणाशीतरी बोलत, हसत होते, तेवढ्यात भावजी दारातून आत आले आणि उभ्या उभ्याच सांगायला लागले. साहेबांनी फोनवर हात ठेवला.

भावजी म्हणाले, "साहेब, पाच मिनिटं द्या, प्रत्यक्षच दाखवतो. कुणाचा तरी नंबर लागेल, पण त्याची परवानगी हवी."

"माझाच घ्या ना," साहेब म्हणाले. "मला काय लपवायचंय? करा काय करायचंय ते आणि एकदाचं संपवा."

"तुमच्या रिपोर्टवर लिहून ठेवू? म्हणजे तुम्हाला दिसेल."

"लिहा हो, लिहा." आणि साहेब परत फोनवर हसायला लागले. भावजी गेल्यावर ते मला म्हणाले, "तुमच्या या उचकटेंना काम कमी दिसतंय." मीही हसले. हे सगळं मी माझ्या या दोन कानांनी ऐकलं आहे, चार हातांवरून.

भावजींनी केलं ते त्यांच्या रीतीप्रमाणेच केलं. साहेबांचा रिपोर्ट उघडला आणि शेऱ्याच्या चौकटीत चिठ्ठी लावली. 'दार उघडं आहे. शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट दिसतो, आणि त्यावर लिहिताही येतं. हा आपल्या परवानगीने उघडला, वाचलेला नाही. प्रत्येक पेशंटला वेगळा पासवर्ड द्यावा, म्हणजे बंद होईल.' खाली तारीख, पूर्ण नाव, यंत्रदुरुस्ती विभाग, फोन दोनशे सत्तेचाळीस. जगातला कुठला चोर तिजोरीत आपला पत्ता ठेवून जातो, हे नंतर एकानेही विचारलं नाही. भावजींची चूक एवढीच की, ज्याची वस्तू आहे त्याला तिचा बिघाड कळला तर बरंच वाटेल, असं ते धरून चालले. यंत्रांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसालाच अशी चूक सुचते.

साहेबांनी तो रिपोर्ट उघडून बघितलाच नाही. गुरुवारी सभागृहात पाहुणे जमले, बाहेरगावचे डॉक्टर, कंपनीची माणसं, दोन बातमीदार. साहेब मोठ्या पडद्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बघा, मी माझाच रिपोर्ट उघडून दाखवतो." त्यांनी नंबर टाकला, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर आधी आली ती चिठ्ठी. दार उघडं आहे. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा मी बघितला. त्यांना आठवलं होतं. परवानगी दिल्याचं त्यांना त्या क्षणी लख्ख आठवलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. आणि दुसऱ्याच क्षणी ते बातमीदारांकडे वळून म्हणाले, "बघितलंत? आपल्याच माणसाने हॅकिंग केलंय."

संध्याकाळपर्यंत भावजी निलंबित झाले. सकाळी तो टोपीवाला फोटो आला.

मग लोकांनी जे दात दाखवले ते बघून मला माणसाची शिसारी आली. जिन्यात लोक ताईला बघून दार लावून घ्यायला लागले. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आमच्या फोनजवळ बसू नका म्हणावं हो यजमानांना." आणि हे सोवळं किती दिवस टिकलं? आठच दिवस. नवव्या दिवशी त्याच बाईंचे यजमान दबक्या पावलांनी वर आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला येतंच म्हणून विचारतो. सुनेचा फोन उघडून द्याल का? कोणाशी बोलते ते बघायचंय." त्यांच्या पाठोपाठ एक दुकानदार आला, त्याला समोरच्या दुकानाच्या गिऱ्हाइकांची यादी हवी होती. एका कॉलेजच्या मुलीची आई आली, तिला मार्क वाढवून हवे होते. भावजी प्रत्येकाला आधी नीट बसवायचे, पाणी द्यायचे आणि मग सांगायचे की, मी यंत्रं दुरुस्त करतो. लोक डोळा मारून जायचे. म्हणजे त्यांना चोराचा तिटकारा नव्हताच. चोर आपल्या कामाला येत नाही, याचा राग होता.

चौकशीला तिघे बसले. कायदा अधिकारी, एक ज्येष्ठ डॉक्टर आणि, ऐका, कंपनीचाच एक माणूस. सगळं एका मुद्द्यावर अडलं होतं, परवानगी होती की नव्हती. परवानगी होती तर भावजी कामावर परत. नव्हती तर बडतर्फ, आणि वर पोलिसांत तक्रार. साहेब म्हणत होते, नव्हती. भावजी म्हणत होते, होती. खोलीत तिसरं माणूस एकच होतं, मी.

माझी नोकरी तेव्हा हंगामी होती. सात वर्षं हंगामी, आणि त्या वर्षी कायम होणाऱ्यांच्या यादीत पहिल्यांदा माझं नाव लागलं होतं. चौकशीच्या सकाळी हेडक्लार्क माझ्या टेबलाशी आले, उगाचच कॅलेंडर सरळ केलं आणि म्हणाले, "यादी सहीला गेलीय साहेबांकडे. नीट आठवून सांगा हं काय ते." त्यांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही. त्यांना तेवढीसुद्धा तसदी घ्यावी लागली नाही.

माझ्या आधी भावजींना बोलावलं होतं. त्यांना खुर्चीत बसवून ठेवून मग मला आत घेतलं. कंपनीचा माणूस त्यांना विचारत होता, "एका शब्दात सांगा. तुम्ही हॅकर आहात का?"

भावजींनी चष्मा काढला, पुसला, विचार केला आणि म्हणाले, "ते मी कसं सांगणार? एका मास्तरांना तसं वाटलं होतं."

तिघेही एकमेकांकडे बघून हसले. लिहून घेणाऱ्याने काय लिहून घेतलं ते मला माहीत आहे, कारण नंतर अहवाल मीच टाइप केला. 'आरोपीने मान्य केले.'

मग कायदा अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "सोमवारी साहेबांनी परवानगी दिलेली तुम्ही ऐकलीत का?"

मी म्हणाले, "मला नीट ऐकू आलं नाही."

एवढंच. पाच शब्द. मी भावजींकडे बघितलं नाही, पण त्यांचा आवाज ऐकला. ते म्हणाले, "बरोबर आहे साहेब, ती तेव्हा टाइप करत होती. मशीनच्या आवाजात तिला ऐकू जाणार नाही." साहेबांच्या खोलीत टाइप करायचं मशीनच नाही. माझ्या मांडीवर वही होती आणि हातात पेन्सिल. हे भावजींना पक्कं माहीत होतं. त्यांना खोटं बोलताना मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं, आणि ते मला वाचवायला.

समितीने बडतर्फीची शिफारस केली. कागद साहेबांच्या सहीसाठी पडून राहिला. मी कायम झाले. पंधरा दिवसांत कंपनीने प्रत्येक पेशंटला वेगळा पासवर्ड दिला, म्हणजे चिठ्ठीत जे लिहिलं होतं ते अक्षरशः तसंच केलं, आणि हल्ला परतवून लावल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला. मानपत्र मी टाइप केलं. 'दक्षता' या शब्दाला ठळक अक्षर द्यायला साहेबांनी सांगितलं, तेही दिलं.

त्यानंतर एका शुक्रवारी साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. उपअधीक्षक बाई त्यांच्याविरुद्ध वर पत्रं पाठवताहेत असा त्यांना संशय होता.

"तुमच्या मेहुण्यांना म्हणावं, बाईंच्या मेलमध्ये काय आहे तेवढं बघून द्या," साहेब म्हणाले. "त्यांच्या डाव्या हाताचा मळ आहे. तो कागद अजून माझ्याकडेच आहे, मी सही केलेली नाही. सोमवारी येऊन बसू देत आपल्या तळघरात."

मी तिथे उभी होते आणि या माणसाकडे बघत होते. न केलेल्या चोरीसाठी एकाला हाकललं, आणि आता तीच चोरी त्याच्याचकडून करून घ्यायला हा निघाला होता, गालिच्यावर पाय पसरून, पेढा मागावा तितक्या सहज. तोंडावर थुंकावंसं वाटलं. आणि मी काय म्हणाले? "विचारते, सर."

का विचारते म्हणाले? खरं सांगायचं तर मला वाटलं, यातून सगळंच निस्तरेल. भावजी परत कामावर येतील, ताई माझ्याशी पूर्वीसारखी बोलेल आणि मला रोज सकाळी आरशात बघता येईल. सगळे करतात, एकदा केलं तर काय होतं, असं मी बसमध्ये स्वतःला चांगलं पटवून घेतलं. रविवारी दुपारी त्यांच्याकडे पोहोचले तेव्हा तर मी काही चांगली बातमी घेऊन आल्यासारखी जिना चढले.

ताईने चहा ठेवला. भावजी खिडकीजवळ खाली बसून कोणाचा तरी मिक्सर खोलत होते. चौकशीनंतर त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. उलट "ये धाकटे, बस" म्हणाले आणि स्क्रू ठेवलेली ताटली माझ्या पायाशी होती ती बाजूला घेतली.

मी सगळं सांगितलं. साहेबांचे शब्द थोडे मऊ करून सांगितले. "फक्त बघायचंय, भावजी. कोणाला कळणारही नाही. आणि बाई तरी कुठे धुतल्या तांदळाच्या आहेत? सोमवारी तुम्ही परत आपल्या जागेवर. तुम्हाला परत घेतल्याच्या कागदावर त्यांची सही आधी घेईन, तेवढं मी बघते."

मी बोलत होते तेव्हा त्यांचे हात थांबले होते. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर मी भांडले असते, मला भांडता चांगलं येतं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, स्वेटरला हात पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे असं बघितलं की, चोरीची कामं घेऊन येणाऱ्या त्या लोकांकडेही त्यांनी तसं कधी बघितलं नव्हतं.

"त्या दिवशी तू ऐकू आलं नाही म्हणालीस," ते म्हणाले, "तेव्हा घरी येऊन मी हिला सांगितलं की, पोर घाबरली, तिच्यावर राग धरू नकोस."

मी बाजूच्या ताटलीतले स्क्रू बघायला लागले.

"आज तू घाबरलेली दिसत नाहीस."